दहा वह्या आणि एक तक्ता

माझ्याकडे सहशालेय उपक्रमांची जबाबदारी आली तेव्हा आमच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावी मिळून 110 मुलं होती. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, मोजके शिक्षक, एकच मैदान. माझ्याआधी हे काम बघणारे सर निवृत्त झाले आणि जाताना दहा वह्या माझ्या हवाली करून गेले. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, खो-खो, मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ, वादविवाद, विज्ञान मंडळ, भित्तिपत्रक, गायनवृंद आणि छायाचित्रण. प्रत्येक वहीत मुलांची नावं, सरावाचे वार, झालेल्या स्पर्धा, सगळं सुवाच्य अक्षरात. एकेक वही वेगळी वाचली की वाटायचं, एवढ्याशा शाळेत किती काय चालतं!

मी त्या दहाही वह्या एका मोठ्या कार्डशीटवर उतरवून काढल्या. डावीकडे वरपासून खालपर्यंत सगळ्या 110 मुलांची नावं, वर आडवे उपक्रम, आणि जिथे नाव असेल तिथे खूण. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. तक्ता पूर्ण झाला आणि वेगळंच चित्र दिसलं. पंधराएक मुलांच्या नावापुढे चार-चार, पाच-पाच खुणा होत्या. दहावीतल्या एका मुलीच्या नावापुढे तर सहा: व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, खो-खो, रिले, वादविवाद आणि गायनवृंद. आणि चाळीसेक नावांपुढे एकही खूण नव्हती. दहा वह्यांमध्ये ही चाळीस मुलं कुठेच नव्हती, त्यामुळे ती नाहीत हे कळायलाही मार्ग नव्हता.

तक्ता घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि त्या सहा खुणांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही अभ्यास कधी करते?"

मुलीला बोलावून घेतलं. ती व्हॉलीबॉलच्या सरावातूनच आली होती, गुडघ्यांवर नीपॅड तसेच. एका नीपॅडमध्ये घडी घातलेला कागद खोचलेला होता. काय आहे विचारलं तर म्हणाली, "वादविवादाचे मुद्दे आहेत बाई. सर्व्हिसला जाताना मधेच एकदा बघून घेते." दोन्ही सराव एकाच वारी, एकाच वेळी होते. अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे असं तिचं वर्षभर चाललेलं. मी विचारलं, यातलं काही सोडावंसं वाटतं का? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "सोडलं तर संघच होणार नाही ना बाई. खो-खोत आम्ही नऊच आहोत."

खुणा नसलेल्या मुलांशीही बोलत गेले, तासांच्या मधल्या वेळेत, एकेकट्याशी. कारणं वेगवेगळी होती. कुणाला घरी लवकर जावं लागत होतं, कुणाला खेळ मनापासून आवडत नव्हते. पण नववीतल्या एका मुलाने जे सांगितलं तसंच थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी सांगितलं. तो म्हणाला, "फळ्यावर यादी लागते तेव्हा नावं आधीच लिहिलेली असतात." निवड चाचणी व्हायची, आठवीत एकदा. त्यात जे चमकले ते पुढची तीन वर्षं यादीत. जे राहिले ते राहिलेच.

या विषयावर जुना आणि फार चांगला अभ्यास झालेला आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोघांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या माध्यमिक शाळा घेऊन मुलं प्रत्यक्षात कशाकशात भाग घेतात ते तपासलं आणि 1964 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मोठ्या शाळेत उपक्रमांची संख्या जास्त असते, पण मुलांच्या संख्येच्या मानाने ती वाढत नाही. त्यामुळे लहान शाळेतलं मूल जास्त ठिकाणी कामाला लागतं, जबाबदारीच्या जागाही त्याच्याकडे जास्त येतात. मोठ्या शाळेत बरीच मुलं बघ्याच्या जागी राहतात. लहान शाळेत अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही "तू आलास नाही तर अडेल" असं ऐकायला मिळतं, आणि त्या ओढीने ते येतं.

मला यातली दुसरी बाजूही त्या मुलीच्या उत्तरात दिसली. "मी नसले तर अडेल" ही भावना मुलाला मोठं करते खरी, पण ती सहा ठिकाणी एकाच मुलाच्या खांद्यावर पडली तर तिचं ओझं होतं. आणि आम्ही तर लहान शाळा असून वागत होतो मोठ्या शाळेसारखे. मोठ्या शाळेत संघासाठी शंभर मुलं येतात म्हणून चाळणी लावावी लागते. आमच्याकडे सगळी मिळून 110, आणि तरी चाळणी!

तेव्हा पहिला प्रस्ताव ठेवला तो निवड चाचणी बंद करण्याचा. क्रीडाशिक्षक सरांना तो पटला नाही, आणि त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, हरायची मला भीती नाही. पण ज्या मुली दोन वर्षं घाम गाळताहेत त्यांना काय सांगू? की काल आलेलीलाही तुझ्याएवढीच जागा?" त्यावर आम्ही शिक्षकखोलीत बरेच दिवस बोलत राहिलो. शेवटी ठरलं ते असं: सरावाला कुणीही यावं, नाव नोंदवण्याची अट एवढीच की त्या सत्रात सोडायचं नाही. अधिकृत स्पर्धेचा संघ सर निवडतील, त्यात मी बोलणार नाही. मैत्रीपूर्ण सामन्यात मात्र सरावाला नियमित येणारं प्रत्येक मूल मैदानात उतरलंच पाहिजे. व्हॉलीबॉलमध्ये एका सेटला सहा बदल करता येतात, मग अडचण कसली? सर म्हणाले, बघू. पण त्या "बघू"त नकार नव्हता.

खरं काम पुढे होतं, वेळापत्रकाचं. आजवर प्रत्येक उपक्रमाचे शिक्षक आपापल्या सोयीचा वार घेत आणि मुलं मधल्या मधे ओढली जात. मी उलट बाजूने सुरुवात केली. तक्त्यावरून दोन-दोन उपक्रमांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत किती मुलं दोन्हीकडे आहेत ते मोजलं. दहा उपक्रमांच्या 45 जोड्या होतात. व्हॉलीबॉल आणि वादविवादात पाच मुलं सामाईक, म्हणजे हे दोन एका वारी नकोतच. बुद्धिबळ आणि खो-खोत एकही नाही, म्हणजे ते खुशाल एका वारी ठेवावेत. अशी मोठी यादी तयार झाली, पण चार वारांत हे दहा उपक्रम बसवताना माझ्या नाकीनऊ आले. एक जोडी सुटली की दुसरी अडायची. शाळा सुटल्यावर चारच दिवस हाताशी होते. पाचवा आम्ही ठरवून मोकळा ठेवला होता.

गणिताच्या सरांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहराच उजळला. म्हणाले, "अहो, हा तर रंग भरण्याचा प्रश्न आहे." त्यांनी फळ्यावर दहा ठिपके काढले, प्रत्येक ठिपका म्हणजे एक उपक्रम. जिथे मुलं सामाईक तिथे दोन ठिपक्यांमध्ये रेघ. आता ठिपक्यांना असे रंग द्यायचे की रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांचा रंग एक येऊ नये. रंग म्हणजे वार. नकाशात शेजारशेजारच्या प्रदेशांना वेगळा रंग द्यायचा तर चार रंग पुरतात, हे 1976 मध्ये केनेथ अॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. पण आमच्या रेघा नकाशातल्यासारख्या सरळ नव्हत्या, एकमेकींना छेदत होत्या, त्यामुळे चार रंग पुरतील याची खात्री नव्हती. सरांनी तोच फळा नववीच्या तासाला ठेवला. मुलं तुटून पडली. त्यातली अर्धी मुलं स्वतःच त्या ठिपक्यांमध्ये होती ना!

दोन दिवसांनी नववीतल्या मुली सांगत आल्या की चार रंगांत बसत नाही. आणि का बसत नाही तेही त्यांनी शोधलं होतं: व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, खो-खो, मैदानी स्पर्धा आणि वादविवाद हे पाच ठिपके असे आहेत की त्यांतल्या प्रत्येकाची बाकी चौघांशी रेघ आहे. पाच जण सगळेच एकमेकांना जोडलेले, तर पाच रंग लागणारच. माझ्यासाठी हे उत्तर सोन्यासारखं होतं, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते आता माहीत झालं. वार वाढवता येत नव्हते, तेव्हा रेघा कमी करायला हव्या होत्या.

त्या आम्ही वर्षाचे तीन भाग करून कमी केल्या. पहिल्या सत्रात खो-खो, दुसऱ्यात व्हॉलीबॉल, तिसऱ्यात बास्केटबॉल. एका वेळी एकच सांघिक खेळ. मैदानी स्पर्धांचा सराव आठवड्यातून एकदा वर्षभर, बाकीची मंडळं वर्षभर. आता कुठल्याही सत्रात त्या पाच ठिपक्यांपैकी तीनच शिल्लक राहत होते आणि चार वार सहज पुरले. क्रीडाशिक्षक सरांना आधी वाटलं, व्हॉलीबॉलचा सराव वर्षभर नसेल तर हात बसणार नाही. पण शरीराच्या दृष्टीने हेच बरं. वाढीच्या वयातल्या मुलांनी एका खेळातून आठवड्याला एक-दोन दिवस आणि वर्षात मिळून तीन महिने तरी विश्रांती घ्यावी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2016 मध्ये सांगितलं आहे. त्याच त्या सांध्यांवर रोज तोच ताण आला की दुखणी जडतात. विश्रांती एका खेळातून घ्यायची. दुसरा खेळ खेळायला हरकत नाही. सरांनी स्वतः खेळताना खांद्याचं दुखणं काढलेलं होतं, त्यामुळे हा मुद्दा त्यांना फार समजावावा लागला नाही.

बास्केटबॉलचा प्रश्न निराळा होता. आमच्याकडे एकच बास्केट आहे, मैदानाच्या एका टोकाला, आणि मुलग्यांचा पाच जणांचा संघ उभा करायचा तर बदली खेळाडू उरत नाहीत. इथे मला या खेळाचाच जन्म आठवला. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला तेव्हा त्यांच्या वर्गात 18 जण होते, म्हणून पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ झाला. पाचाचा नियम नंतर आला. समोर जेवढी मुलं आहेत तेवढ्यांचा खेळ करायचा, हीच त्याची सुरुवात. अमेरिकन फुटबॉलमध्येही असंच घडलं: 1934 साली नेब्रास्कात स्टीफन एप्लर यांनी, ज्या छोट्या शाळांना अकरा जणांचा संघ जमवता येत नव्हता त्यांच्यासाठी सहा जणांचा फुटबॉल तयार केला, मैदानही लहान केलं, आणि तो आजही छोट्या शाळांमध्ये खेळला जातो.

आम्हाला तर नवा खेळ शोधायचीही गरज नव्हती. तीन विरुद्ध तीनचं बास्केटबॉल आता ऑलिंपिकमध्ये आहे, टोकियोच्या स्पर्धेपासून. अर्धं मैदान, एकच बास्केट, मैदानात तिघं आणि एक राखीव. दहा मिनिटं किंवा आधी 21 गुण करेल तो संघ जिंकला. चेंडू हातात आला की 12 सेकंदांत बास्केटकडे टाकायचा, त्यामुळे कुणाला लपायला जागाच नसते. एका तासात चार-पाच सामने होतात. आधी ज्या खेळात आमची आठ मुलं असायची त्यात आता सहा छोटे संघ झाले, मुलींचे तीन आणि मुलग्यांचे तीन. एका संघातली उंच मुलगी आजारी पडली तर दुसऱ्या संघातली राखीव मुलगी तिच्या जागी. मला वाटतं, लहान शाळांनी या प्रकाराकडे पाचाच्या खेळाची धाकटी बहीण म्हणून न बघता स्वतंत्र खेळ म्हणून बघावं.

खो-खोची गोष्ट वेगळी. तिथे नऊ जण लागतातच, आठ चौकोनात बसणारे आणि एक पाठलाग करणारा, आणि ते कमी करून चालत नाही. पण नवख्या मुलांना सामावून घ्यायला हा खेळ फार चांगला आहे. संरक्षण करताना तिघा-तिघांची तुकडी आत जाते. पहिल्या तुकडीत पक्के खेळाडू पाठवले की तिसऱ्या तुकडीतल्या नवख्या मुलीला कधी शेवटची थोडीच मिनिटं पळावं लागतं, पण मैदान तिला मिळतं. बसलेल्या जागेवरून "खो" मिळताच उठायला पळण्याच्या वेगापेक्षा कान आणि लक्ष जास्त लागतं. आठवीतली एक मुलगी, जिला कुणी कधी खेळाडू म्हटलं नव्हतं, ती या उठण्यात एवढी तरबेज झाली की सरांनी तिला खांबाजवळच्या चौकोनात बसवलं. 2025 च्या जानेवारीत नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. त्यानंतर या खेळासाठी नावं मागावी लागली नाहीत.

बुद्धिबळ मंडळ पूर्वी दोन चांगल्या खेळाडूंचं मंडळ होतं, बाकीचे हरून हरून येईनासे होत. नव्या पद्धतीत 22 जणांनी नाव दिलं. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं तर 231 डाव होतात, वर्ष पुरलं नसतं. बाद पद्धत लावली तर अर्धी मुलं पहिल्याच दिवशी घरी. म्हणून स्विस पद्धत घेतली. ही 1895 मध्ये झुरिकच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली. दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावायच्या, एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही, पांढरी आणि काळी सोंगटी शक्यतो आलटून पालटून द्यायची. पाच फेऱ्यांत, म्हणजे 55 डावांत, वरचा क्रम बऱ्यापैकी स्पष्ट होतो आणि बाद कुणीच होत नाही. दोन डाव हरलेलं मूल तिसऱ्या फेरीत आपल्यासारख्याच मुलासमोर बसतं, आणि तो डाव रंगतो.

या जोड्या लावायचं काम कुणी करायचं? "नावं आधीच लिहिलेली असतात" म्हणणाऱ्या नववीतल्या मुलाला मी विचारलं. त्याला बुद्धिबळ खेळण्यात रस नव्हता, पण आकडेमोडीत होता. नियम वाचून त्याने जाड पुठ्ठ्याची कार्डं केली, प्रत्येक खेळाडूचं एक. त्यावर गुण, आतापर्यंतचे प्रतिस्पर्धी आणि मिळालेले रंग. फेरी संपली की कार्डं टेबलावर गुणांप्रमाणे मांडायची आणि वरून खाली जोड्या लावत यायचं. कुठे अडलं की दोन कार्डं उचलून अदलाबदल. त्याच्याभोवती मुलं घोळका करून उभी राहायची, आपला पुढचा डाव कुणाशी ते बघायला. तिसऱ्या फेरीला एक जण गैरहजर राहिला आणि संख्या विषम झाली, तेव्हा ज्याला प्रतिस्पर्धी उरत नाही, म्हणजे पुढे चाल मिळते, त्याला एक गुण द्यायचा हे त्याने कुणालाही न विचारता केलं, आणि का केलं ते शांतपणे समजावूनही सांगितलं.

इथून आम्हाला पुढची वाट सापडली. खेळायला येणाऱ्यांचीच यादी कशाला? पंच, गुणलेखक, वेळ बघणारा, साहित्याची नोंद ठेवणारा, भित्तिपत्रकासाठी सामन्याचं वार्तांकन करणारा, या सगळ्या जागा मुलांच्याच करता येतात. मोठ्या माणसांनी अडवून ठेवलेल्या जागा मोकळ्या करायच्या, एवढंच. सरांनी यात पुढाकार घेतला, आणि त्यांनी शिकवलं ते नीट शिकवलं. व्हॉलीबॉलचं गुणपत्रक दिसायला सोपं नसतं. सहा खेळाडूंचा सर्व्हिसचा क्रम, प्रत्येक सर्व्हिसला झालेले गुण, बदललेले खेळाडू, घेतलेले टाइम-आउट, सगळं चालू खेळात लिहायचं असतं. आठवीतल्या दोन मुली सरावाच्या वेळी रोज बाजूला टेबल मांडून बसायच्या आणि गुणपत्रक भरायच्या. पहिल्या सत्रात चुकत, खोडत. पुढे हात बसला.

दुसऱ्या सत्रात शेजारच्या एका मोठ्या शाळेच्या मुलींशी आमच्या मैदानावर मैत्रीपूर्ण सामना झाला. एक-एक सेट झाला होता आणि तिसऱ्या सेटला आम्ही एका गुणाने पुढे होतो. आमची मुलगी सर्व्हिसला गेली, तिने चेंडू मारला, आणि त्याच क्षणी गुणलेखकाच्या टेबलावरची घंटा वाजली. आठवीतल्या त्या दोघींपैकी लहानखुरी मुलगी उभी राहिली होती. ती पंचांना म्हणाली, "सर्व्हिसचा क्रम चुकलाय. आता सात नंबरची सर्व्हिस होती, नऊ नंबरने केली." खेळ थांबला. पंचांनी गुणपत्रक बघितलं, क्रम तपासला. तिचं बरोबर होतं. रोटेशन, म्हणजे हा सर्व्हिसचा क्रम, चुकलं की समोरच्या संघाला गुण आणि सर्व्हिस. आमची आघाडी गेली.

आमच्या कर्णधार मुलीचा चेहरा पडला. सामना आम्ही हरलो, दोनच गुणांनी. सामना संपल्यावर कर्णधार सरळ टेबलाकडे गेली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, म्हणून मीही लगबगीने निघाले. तिने गुणपत्रक ओढून घेतलं, सगळा सेट बोटाने वाचून काढला, आणि त्या लहान मुलीला म्हणाली, "उद्यापासून सरावाला प्रत्येक रोटेशन तू ओरडून सांगायचं." समोरच्या शाळेच्या शिक्षिका निघताना सरांना भेटल्या आणि म्हणाल्या, पुढच्या सामन्याला गुणलेखक तुमच्याकडूनच पाठवा. सर त्या दिवशी हरूनही खुशीत होते. पुढे निवड चाचणीचा विषय त्यांनी काढला नाही.

वादविवादाचं थोडक्यात सांगते. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेची पद्धत आम्ही घेतली: दोन्ही बाजूंनी तीन-तीन वक्ते, आठ मिनिटांची भाषणं, शेवटी चार मिनिटांचं उत्तर, आणि भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे समोरच्याला उठून प्रश्न विचारायची मुभा. आमच्या मुलांसाठी आठाची पाच मिनिटं केली. सहा मुलं असली की वाद उभा राहतो, म्हणून लहान शाळेला ही पद्धत सोयीची. पाठ केलेलं भाषण मधल्या प्रश्नांनी मोडतं, आणि मग मूल खरं बोलायला लागतं. विज्ञान मंडळ आणि गायनवृंद पूर्वीपासून चांगले चालत होते, त्यांना हात लावला नाही.

छायाचित्रण मंडळ आम्ही बंद केलं. दोनच मुलं होती आणि त्यांनाही त्यात फारसा राम वाटत नव्हता. मंडळ बंद करणं म्हणजे अपयश, असं शाळेत मानलं जातं, म्हणून कागदोपत्री मंडळं वर्षानुवर्षं जिवंत ठेवली जातात आणि शिक्षकांचे तास खातात. आम्ही नियम केला: तीन मुलं आणि एक मोठं माणूस असेल तर कुठलंही मंडळ सुरू करता येईल, आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ते नव्याने नोंदवायचं. नोंदवायला कुणी आलं नाही तर ते आपोआप संपलं. त्यात कुणाला कमीपणा नाही. ती दोन मुलं भित्तिपत्रकाकडे गेली आणि सामन्यांचे फोटो काढू लागली, तिथे त्यांच्या फोटोंची वाट बघणारे लोक होते.

पालकांच्या सभेत अभ्यासाचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. त्यावर मी नवं वेळापत्रक दाखवलं: कुठलंही मूल आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि दहावीसाठी शेवटच्या सत्रात दोनच दिवस. ज्यांची मुलं आधी रोज थांबत होती त्यांना हे कमी वाटलं, ज्यांची कधीच थांबत नव्हती त्यांना जास्त. दोन्हीकडच्यांना मी मुलांची नावं घेऊन उत्तरं दिली. 110 मुलांच्या शाळेत ते करता येतं.

स्पर्धांचे निकाल विचाराल तर त्या वर्षी आम्ही आदल्या वर्षीपेक्षा जास्त काही जिंकलं नाही. व्हॉलीबॉलमध्ये मोठ्या शाळांपुढे हरलो, खो-खोत एक फेरी पुढे गेलो, तीनच्या बास्केटबॉलला जवळपास अधिकृत स्पर्धाच नव्हती. हे सगळं सरांनी मोठ्या बाईंना जसंच्या तसं लिहून दिलं. पण वर्षाखेर एकही खूण नसलेली मुलं नऊ उरली होती, आणि त्या नऊ जणांची कारणं आम्हाला ठाऊक होती. त्यातल्या चौघांना धाकट्या भावंडांसाठी घरी जावं लागतं. त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीतलं काहीतरी बघायला हवं, ते अजून व्हायचंय.

सहा खुणांची ती दहावीतली मुलगी दुसऱ्या सत्राच्या तोंडावर माझ्याकडे आली होती. पहिल्या सत्रात खो-खोला चौदा मुली सरावाला येत होत्या आणि एका सामन्याला ती आजारपणामुळे गेलीच नव्हती. संघ उतरला, जिंकलाही. ती म्हणाली, "बाई, आता मी नसले तरी चालतं. मी व्हॉलीबॉल आणि गाणं सोडू? वादविवाद मला नीट करायचाय." बोलताना तिच्या आवाजात कसला अपराधीपणा नव्हता. मी होकार दिला. त्या वर्षीच्या वादविवादात तिने मधल्या प्रश्नांना अशी उत्तरं दिली की समोरच्या बाजूचा तिसरा वक्ता आपलं लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून बोलायला लागला.

नव्या वर्षाच्या नोंदणीला पहिल्याच दिवशी आठवीतल्या तीन मुलांचा अर्ज आलाय, अल्टिमेटसाठी. चकती फेकून खेळायचा हा खेळ. त्यात मुलं-मुली एकत्र खेळू शकतात आणि पंच नसतो, चूक झाली की खेळाडूंनीच कबूल करायची आणि आपापसांत सोडवायची. गवतावर सात विरुद्ध सात खेळतात, पण छोट्या जागेसाठी पाच विरुद्ध पाचही चालतं. मोठं माणूस म्हणून त्यांनी गणिताच्या सरांना तयार केलंय. क्रीडाशिक्षक सरांनी अर्ज वाचून पहिला प्रश्न विचारला तो मैदानाचा. पाचांच्या खेळाला व्हॉलीबॉलचं नेट काढल्यावर जागा पुरेल का, हे बघायला ते तिघं उद्या शाळा सुटल्यावर मोजपट्टी घेऊन थांबणार आहेत.